हार्मोन बॅलन्सचं पॅकेज करायच्या आधी हा धागा वाचा (लॅबमधून लिहितेय)

अबोली_फोंडा

नमस्कार. मी फोंड्याच्या बाजूला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे औषधं कोणी विचारू नका. पण हल्ली जे बघतेय ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. सकाळी सातपासून बायका येतात, उपाशीपोटी, मोबाईल पुढे करतात आणि सांगतात हे पॅकेज करायचंय, यात हार्मोन बॅलन्स कळतो म्हणे. पंधरा-सोळा टेस्ट, हजारांत बिल. एकीचे केस गळतायत, एकीचं वजन वाढतंय, एकीला झोप नाही, एकीला सारखं रडू येतंय आणि सगळ्यांना कुठल्यातरी रीलवर एकच उत्तर मिळालेलं असतं, तुझे हार्मोन बिघडलेत.

मी फॉर्म भरायला घेते आणि विचारते, शेवटची पाळी कधी आली? आणि तिथेच गाडी अडते. तारीख नसते कोणाकडे. "शिरगावच्या जत्रेला जायचं होतं आणि नेमकी आली", "शिमग्यात, रोमटामेळाच्या दिवशी", "सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाच्या आधी, दोन-तीन दिवस असतील". मग मी भिंतीवरचं कॅलेंडर काढते, जत्रेची तिथी शोधते, तिथून बोटं घालून मोजते. मागे रांग उभी असते पण मी मोजते, कारण त्याच्याशिवाय पुढच्या अर्ध्या टेस्टना अर्थच नाही.

एफएसएच, एलएच आणि इस्ट्रॅडिओल ही बीजांडकोशांचं काम दाखवणारी हार्मोन सहसा पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघतात. प्रोजेस्टेरॉन बघायचं ते पुढची पाळी यायच्या साधारण सात दिवस आधी, कारण बीज बाहेर पडलं की नाही हे त्यावरून कळतं. म्हणजे एकाच सकाळी हे सगळं एकत्र काढलं तर यातलं काहीतरी चुकीच्या दिवशीचंच असणार. टीएसएच (थायरॉईडची टेस्ट) आणि एएमएच (बीजांडांचा साठा दाखवणारी टेस्ट) कुठल्याही दिवशी चालतात, त्यांना उपाशी यायचीही गरज नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एफएसएच, एलएच, टेस्टोस्टेरॉन यांचे आकडे त्या गोळ्यांमुळे बदललेले असतात, ते बघून काही ठरवता येत नाही.

आणखी एक, गोळ्या. "काही चालू आहे का" विचारलं की सगळ्या म्हणतात नाही. "केसांसाठी काही?" म्हटलं की पर्समधून पाकीट निघतं. त्यात बायोटिन असतं. बायोटिन कितीतरी मशीनवरच्या थायरॉईडच्या टेस्टमध्ये गडबड करतं, टीएसएच खोटं कमी दाखवू शकतं, त्यामुळे टेस्टच्या आधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवायला सांगतात. तसंच ॲसिडिटीची कॅप्सूल. तिच्यात पँटोप्राझोलबरोबर डोमपेरिडोन असेल तर प्रोलॅक्टिन (अंगावरचं दूध तयार करणारं हार्मोन) वाढलेलं येतं. प्रोलॅक्टिन तर धावतपळत बस पकडून आलात, रात्री झोप झाली नाही, सुई बघून घाबरलात तरी वाढतं. मी अशा बायकांना आधी पंख्याखाली शांत बसवते.

माझं म्हणणं एवढंच आहे, बॅलन्स दाखवणारा एक आकडा नसतो. हार्मोन ढीगभर आहेत, प्रत्येकाचं काम वेगळं, वेळ वेगळी, आणि महिन्याभरात ते वर-खाली होतात ते व्हायलाच पाहिजेत. आधी आपल्या अंगात काय होतंय ते नीट सांगता आलं पाहिजे, मग डॉक्टर ठरवतील यातलं काय बघायचं. पुष्कळदा दोन-तीन टेस्टमध्ये काम होतं. ज्यांना विचारायचंय त्यांनी विचारा, मला माहीत असेल ते लिहीन.

साखळीची_शमा

ताई बरं केलंत धागा काढलात. मी २४ वर्षांची, पाळी कधी ४० दिवसांनी कधी ६० दिवसांनी. सोनोग्राफी केली त्यात पॉलिसिस्टिक ओव्हरीज लिहून आलं आणि तेव्हापासून घरात सुतक पडल्यासारखं आहे. आई म्हणते आता लग्नाचं कसं सांगायचं लोकांना, मावशी म्हणते गाठी आहेत तर ऑपरेशन करून टाक. हनुवटीवर केस येतात ते मी दर आठवड्याला काढते, कोणाला सांगितलेलं नाही, इथे पहिल्यांदा लिहितेय. मान काळी पडलीय ती पण घासून घासून जात नाही.

डॉ_मांडवीकाठ

शमा, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथे तुला तपासू शकत नाही, पण काही गोष्टी आईला वाचून दाखव.

सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नाहीत. बीजांडं ज्या छोट्या पिशव्यांत वाढतात त्या पिशव्या आहेत, अर्धवट वाढून थांबलेल्या. कापून काढण्यासारखं तिथे काही नसतं. आणि नुसत्या सोनोग्राफीवर पीसीओएसचं (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे हार्मोनचा हा विकार) निदान होत नाही. २००३ साली रॉटरडॅमला जे निकष ठरले तेच थोड्या सुधारणांसह आजही वापरतात, तीनपैकी दोन गोष्टी लागतात. पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन जास्त असल्याची खूण (चेहऱ्यावरचे केस, किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन), आणि सोनोग्राफीतलं ते चित्र. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर प्रौढ बायकांत सोनोग्राफीऐवजी एएमएचही धरतात. पण त्याआधी थायरॉईड, प्रोलॅक्टिन आणि अशी इतर कारणं बाजूला काढावी लागतात. वयात येताना पहिली काही वर्षं असं चित्र कितीतरी निरोगी मुलींत दिसतं म्हणून पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफीवरून हे लेबल लावू नये असं आता स्पष्ट म्हटलंय.

मानेचा काळेपणा घासू नकोस, तो मळ नाही. इन्सुलिन अंगात नीट काम करत नसलं की तशी मखमली काळी त्वचा होते. म्हणून तुझी साखर बघायला हवी, शक्यतो ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती टेस्ट. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरलं तरी पुष्कळ जणींची पाळी रुळावर येते. बारीक असशील तर वजनाच्या मागे लागूच नको, पीसीओएस बारीक मुलींनाही होतो.

लग्नाचं म्हणशील तर पीसीओएस असलेल्या बहुतेक बायकांना मुलं होतात, काहींना बीज तयार व्हायला गोळ्यांची मदत लागते एवढंच. मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. पाळी ९० दिवसांच्या वर लांबली तर "येईल तेव्हा येईल" म्हणून बसू नकोस. गर्भाशयाचं आतलं अस्तर साठत जातं आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तेव्हा गोळी देऊन पाळी आणावी लागते. आणि हनुवटीच्या केसांवर उपाय आहेत, औषधं आहेत, लेझर आहे. लाजून गप्प राहू नकोस.

साखळीची_शमा

डॉक्टर थँक्यू. आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही पण मावशीला फोन करून ऑपरेशन नाही म्हणाली.

कुळागर_सून

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण हार्मोनचाच. चवथ (गणपती) तोंडावर आलीय. आमचं मोठं घर, माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची सजावट) बांधण्यापासून नैवेद्यापर्यंत सगळं सुनांवर, त्या पाच दिवसांत कोणी बाजूला बसली तर बाकीच्यांवर ताण येतो म्हणून सगळ्या जावा पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात, फार्मसीत नाव सांगितलं की मिळतात. मी नवीन, मला पण आणून दिल्यात. मला अर्धशिशी आहे, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकतं. आणि आईला पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. घेऊ का?

डॉ_मांडवीकाठ

घेऊ नकोस, आधी डॉक्टरला भेट. तू जे लिहिलंयस ते दोन्ही महत्त्वाचं आहे.

सगळ्यांसाठी लिहितो कारण चवथीच्या आधी माझ्या ओपीडीत रोज हाच प्रश्न असतो. या गोळ्या बहुतेक नॉरएथिस्टेरॉनच्या, ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करतात. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. निरोगी बाईने कधीतरी एकदा घेतली तर हार्मोन कायमचे बिघडतात असं काही होत नाही, ती भीती नको. पण या डोसमध्ये त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या औषधात बदलतो, म्हणून रक्ताची गाठ झालेली असेल, घरात कोणाला झालेली असेल, तशी चमक येणारी अर्धशिशी असेल, लिव्हरचा त्रास किंवा स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर फार्मसीतून परस्पर घेण्याची ही गोळी नाही. शिवाय पाळी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, आणि ही काही गर्भनिरोधक नव्हे. दिवस राहिले असण्याची शंका असेल तर आधी टेस्ट.

अबोली_फोंडा

यात माझं एक म्हणणं. गोळी घेणाऱ्या बाईला कोणी बोलू नका, तिच्या घरात काय आहे ते तिला माहीत. पण सुनेच्या हातात गोळ्या ठेवायच्या आधी "तुला काही त्रास आहे का गो" एवढं तरी विचारायला हवं ना. माझ्याकडे रक्त द्यायला येणाऱ्या कितीतरी सुनांना आयुष्यात हे कोणी विचारलेलं नसतं.

म्हापशेची_काकी

मला थायरॉईड आहे बरीच वर्षं. आधी विश्वासच बसेना, आम्ही रोज नुस्तं (मासे) खाणारे, समुद्राकाठचे, आयोडीन कमी पडेलच कसं? घरात मीठ मात्र आगरवाड्याचं मिठागराचं गावठी, त्याची चव सोडवत नाही. गोळी रोज घेते सकाळी चहाबरोबर, न चुकता. तरी पावसाळ्यात टीएसएच वाढतंच. हे पावसामुळे होतं का?

अबोली_फोंडा

काकी, चहाबरोबर नको, तिथेच घोळ आहे बघा. ही गोळी रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास, जमलं तर तासभर, काही नाही, चहा पण नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या त्याच्यापासून चार तास लांब. आणि बाटली कुठे ठेवता? बहुतेक घरांत ती गॅसच्या वरच्या फळीवर असते, तिथे वाफ, वरून आपला पावसाळा, भिंतींना बुरशी धरते तिथे गोळीचं काय होत असेल. उष्णता, ओल आणि उजेड तिन्ही या औषधाला वर्ज्य. त्याच बाटलीत झाकण घट्ट लावून कोरड्या कपाटात ठेवा, बाटलीतली छोटी पुडी टाकून देऊ नका. फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही. डोस बदलला तर सहा ते आठ आठवड्यांनीच परत टेस्ट, त्याआधी करून पैसे वाया घालवू नका.

आयोडीनचं म्हणाल तर आयोडीन पुरेसं असलं तरी थायरॉईड मंदावतो, आणि आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच त्या ग्रंथीवर उलटते. जपानच्या डॉ. हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून हाशिमोटोचा आजार म्हणतात. तरी गावठी मिठात आयोडीन मिसळलेलं नसतं, तेव्हा घरात दिवस गेलेली सून-लेक असेल तर रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनचं मीठ वापरा, गावठी लोणच्याला ठेवा.

वाळपईची_सेविका

मी अंगणवाडीत काम करते. मला एक सांगावंसं वाटतं की आमच्या सत्तरी तालुक्यात थकवा, केस गळणं, धाप लागणं घेऊन बायका हार्मोनच्या टेस्टची चौकशी करतात आणि हिमोग्लोबिन बघितलं तर ८, ९. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ३९ टक्के ॲनिमिक निघाल्या. देशाचा आकडा ५७ आहे म्हणून आपण बरे असं वाटतं, पण त्याच्या आधीच्या फेरीत आपले ३१ होते, म्हणजे वाढलेत.

आणि कारण विचारलं की कळतं पाळीत खूप जातं. बाई सांगत नाही. "सगळ्यांनाच जातं" म्हणते. एक बाई काजूच्या बागेत कामाला जायची, पाळीत दोन पॅड एकावर एक लावून वर काळा परकर, तरी दुपारी घरी यावं लागायचं, आणि हे तिच्या आईचंही असंच होतं म्हणून तिला त्यात काही वेगळं वाटतच नव्हतं. तासा-दोन तासांनी पॅड बदलावा लागतो, मोठ्या गुठळ्या पडतात, आठवड्याच्या वर चालते, हे नेहमीचं नाही. दाखवा. फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) असू शकतो, थायरॉईड मंद असला तरी जास्त जातं.

लोहाच्या गोळ्या आम्ही देतो पण त्या चहाबरोबर घेतल्या की फुकट जातात. लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा-कॉफी तासभर आधी-नंतर. पोट बिघडतं म्हणून सोडून देऊ नका, एक दिवसाआड घेतली तरी चालते का ते डॉक्टरला विचारा, बऱ्याच जणींना तशी सोसते. हिमोग्लोबिन नॉर्मल आलं म्हणून लगेच बंद नाही, साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात. जेवणात तिसऱ्या (शिंपल्या) आणा, त्यात लोह भरपूर. नाचण्याचं तिजान (लापशी) चांगलंच, कॅल्शियम मिळतं, पण एवढ्या कमी हिमोग्लोबिनला नुसत्या तिजानावर राहू नका.

माई_पेडणे

मी ४८ ची. गेलं वर्षभर पाळी दोन-दोन महिने नाही, आली की धो धो. रात्री अचानक छातीपासून डोक्यापर्यंत आग उठते, पंखा फुल असला तरी उशी भिजते, मग झोप जाते आणि पहाटे चारला उठून मी पेज शिजवत बसते कारण पडून राहून काय करू. शेजारणीने एक पावडर आणून दिली, हार्मोन बॅलन्स करते म्हणाली, डब्यावर काय आहे त्यात ते लिहिलेलंच नाही. माझी भाची म्हणते जवस आणि भोपळ्याच्या बिया पहिले पंधरा दिवस, तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया पुढचे पंधरा दिवस. लॅबवाले म्हणतात एफएसएच करा. काय करू गो?

डॉ_मांडवीकाठ

माई, पंचेचाळिशीनंतर ही लक्षणं असतील तर निदानाला एफएसएचची गरज नसते. या काळात एफएसएच आज वर असतं, पुढच्या महिन्यात खाली, एका आकड्यावरून काही ठरत नाही. आपल्याकडे पाळी कायमची जायचं सरासरी वय ४६-४७ आहे, सलग बारा महिने आली नाही की गेली म्हणायचं. चाळिशीच्या आत थांबली तर मात्र ते वेगळं, तिथे टेस्ट करायलाच हव्यात आणि उपचारही घ्यायला हवेत, हाडांसाठी आणि हृदयासाठी.

बिया खाव्यात, पौष्टिक आहेत, पण पंधरवड्याप्रमाणे बदलून हार्मोन जागेवर येतात याला म्हणावा तसा पुरावा नाही. ती पावडर मात्र टाकून द्या, आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर पोटात नको.

आग होणं सहन करत बसण्याची गरज नाही. हार्मोन थेरपी आहे. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर जगभर बायकांनी घाबरून ती सोडली, पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केली तर ज्यांना त्रास जास्त आहे अशा बहुतेकींना फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन हवंच. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गाठी असं काही असेल तर बिनहार्मोनची औषधंही आहेत. पण तुमचं धो धो जाणं आधी तपासायला हवं, सोनोग्राफी आणि गरज पडली तर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून तपासणी. पाळी गेल्यावर वर्षाने एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), मडगावचं किंवा म्हापशाचं जिल्हा रुग्णालय, जे जवळ पडेल तिथे.

विनय_मडगाव

पुरुषाने लिहिलेलं चालेल ना? माझी बायको ४६ ची. माईंचं वाचलं आणि वाटलं आमच्याच घरातलं लिहिलंय. ती चिडते, मग स्वतःच रडते, मला काय बोलावं कळत नाही म्हणून मी गप्प बसतो आणि ती म्हणते तुला काही पडलेलंच नाही. मी काय करू?

माई_पेडणे

विनय, बरं केलंत विचारलंत. "तुझे हार्मोन आहेत ते" असं तेवढं म्हणू नका, त्याने अंगाचा तिळपापड होतो, कारण मग तिचं रास्त म्हणणं पण हार्मोनच्या खात्यात जातं. रात्री जागली असेल तर सकाळचा डबा आणि चहा तुमच्याकडे घ्या, तिला तासभर झोपू द्या. आणि डॉक्टरकडे बरोबर जा. बाहेर बाकावर बसू नका, तिला चालणार असेल तर आत जा.

डॉ_मांडवीकाठ

माईंनी लिहिलंय ते अगदी खरं. एक भर घालतो, सलग दोन आठवडे उदास असेल, कशातच मन लागत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलली तर ते वयावर ढकलू नका, लगेच दाखवा. या वर्षांत डिप्रेशनचं प्रमाण वाढतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

कुळागर_सून

अपडेट देते. डॉक्टरकडे गेले, बीपी बघितलं, आईचं विचारलं आणि म्हणाले या गोळ्या तुला नकोत. सासूबाईंना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या त्यांनाही दोनदा घेतल्यावर पाय सुजले होते पण कोणाला सांगायचं. तारीख आलीच तर नैवेद्य धाकटी जाऊ करील, मी माटोळीचं सामान आणायचं आणि मुलांचं बघायचं ठरलंय.

साखळीची_शमा

अबोलीताई शेवटचा प्रश्न. मला चिठ्ठी मिळाली, टीएसएच, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन आणि ती ग्लुकोजची. कधी येऊ आणि काय काय आणू?

अबोली_फोंडा

ग्लुकोजची आहे म्हणजे रात्रीपासून आठ-दहा तास उपाशी, साधं पाणी पी. दोन तास बसावं लागेल तेव्हा घाईच्या दिवशी येऊ नकोस, मध्ये फिरायचं नाही, खायचं नाही. टेस्टोस्टेरॉन सकाळीच बरं, दिवस शक्यतो पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्याच्या मध्ये. पाळी येतच नसेल तर डॉक्टरना विचारून कुठल्याही सकाळी. प्रोलॅक्टिनसाठी उठल्या उठल्या नको, उठून दोनेक तास होऊ देत, येऊन जरा शांत बस मग मी घेते. केसांच्या गोळ्या चालू असतील तर दोन-तीन दिवस आधी बंद. गेल्या सहा महिन्यांतल्या पाळीच्या जेवढ्या तारखा आठवतील तेवढ्या कागदावर लिहून आण, रक्त लागलं तो पहिला दिवस धर, नुसता डाग धरू नको. सोनोग्राफीचा रिपोर्ट आण. आणि आईला आण, ग्लुकोज प्यायल्यावर काहींना मळमळतं, सोबत कोणी असलेलं बरं.